भूगोल सोडलेला नकाशा : लंडनची भुयारी रेल्वे, हॅरी बेक आणि नंतरचा वाद

सार्वजनिक वाहतुकीचा नकाशा वरवर पाहता शहराचे चित्र असतो, पण त्याचे खरे काम प्रवाशाला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हे असते. असे प्रश्न मुख्यतः दोन असतात. शहराच्या कोणत्या भागात आपण आहोत आणि इष्ट ठिकाण तेथून किती लांब आहे, हा पहिला प्रश्न स्थळाचा आणि अंतराचा आहे. पुढे कोणकोणती स्थानके येणार आणि गाडी कोठे बदलायची, हा दुसरा प्रश्न क्रमाचा आणि जोडणीचा आहे. एकाच कागदावर ही दोन्ही उत्तरे सारख्याच स्पष्टतेने देता येत नाहीत, कारण अंतर खरे ठेवले तर दाटीच्या भागातील स्थानकांची नावे वाचता येत नाहीत आणि नावे वाचता यावीत म्हणून जागा मोकळी केली तर अंतर खोटे ठरते. लंडनच्या भुयारी रेल्वेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याला झुकते माप दिले आणि त्या निवडीतून जगभरच्या वाहतूक नकाशांचा साचा घडला. ही निवड हॅरी बेक या आरेखकाच्या प्रतिभेची कथा म्हणून बहुधा सांगितली जाते. ती प्रतिभा निर्विवाद असली, तरी ती स्वीकारली जावी अशी परिस्थिती कंपन्यांच्या एकत्रीकरणातून आणि उपनगरांच्या विस्तारातून आधीच तयार होत आलेली होती.

१० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या मार्गावर मेट्रोपॉलिटन रेल्वे सुरू झाली, ती जगातील पहिली भुयारी रेल्वे होय. रस्ता उकरून, खाली रूळ टाकून आणि वर पुन्हा छत घालून बांधलेल्या या मार्गावर वाफेची इंजिने धावत. १८९० मध्ये सिटी अँड साउथ लंडन रेल्वेने जमिनीच्या बऱ्याच खाली गोल बोगदे खणून त्यांतून विजेची गाडी चालवली, आणि या नळीसारख्या बोगद्यांवरूनच ‘ट्यूब’ हे नाव रूढ झाले. यानंतरच्या सतरा वर्षांत सेंट्रल लंडन, बेकरलू, पिकॅडिली आणि हॅम्पस्टेड हे मार्ग एकामागून एक उघडले, पण त्यांच्यामागे एकच योजना नव्हती. मार्ग वेगवेगळ्या कंपन्यांचे होते, तिकिटे वेगळी होती, आणि आपला मार्ग ठळक काढून स्पर्धकाचा मार्ग फिका दाखवणारे किंवा मुळीच न दाखवणारे नकाशे कंपन्या छापत असत. असा नकाशा वाटाड्यापेक्षा जाहिरातीच्या कामाचा अधिक असे.

हा स्वार्थ कंपन्यांना फार काळ परवडला नाही. अमेरिकन भांडवलदार चार्ल्स यर्क्स याने १९०२ मध्ये स्थापन केलेल्या अंडरग्राउंड इलेक्ट्रिक रेल्वेज कंपनीने डिस्ट्रिक्ट मार्गाचे विद्युतीकरण केले आणि तीन नवे मार्ग बांधून पूर्ण केले, तथापि अपेक्षेइतके प्रवासी न मिळाल्याने ही कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली आली. प्रवाशाला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर सहज जाता आले तरच गाड्या भरतील, ही जाणीव झाल्यावर १९०८ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ‘अंडरग्राउंड’ हे सामाईक नाव स्वीकारले आणि सर्व मार्ग एकत्र दाखवणारा रंगीत नकाशा काढला. प्रत्येक मार्गाला स्वतंत्र रंग देण्याची प्रथा येथे रुजली. त्या नकाशाचा पाया मात्र भौगोलिकच होता. मार्ग रस्त्यांच्या जाळ्यावर प्रत्यक्षात जसे वळत होते तसेच वळणे घेत काढलेले होते, आणि लांब पसरलेल्या बाहेरच्या टोकांना कागदाच्या मापानुसार कात्री लागत असे.

कंपनीच्या प्रसिद्धीची जबाबदारी १९०८ मध्ये फ्रँक पिक यांच्याकडे आली आणि पुढील तीन दशकांत त्यांनी भुयारी रेल्वेचे दृश्यरूप घडवले. नामवंत चित्रकारांकडून भित्तिपत्रके करवून घेणे, वर्तुळ आणि आडव्या पट्टीचे बोधचिन्ह स्थिर करणे, आणि सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडून १९१६ मध्ये खास अक्षरवळण घडवून घेणे, ही त्यांची कामे आरेखनाच्या इतिहासात मानाची गणली जातात. जॉन्स्टन यांची अक्षरे साधी, टोकांना शेपट्या नसलेली आणि दुरून वाचता येणारी होती. नकाशाही या शिस्तीत हळूहळू आला. १९२० च्या सुमारास मॅकडोनल्ड गिल यांनी केलेल्या नकाशात जमिनीवरचे रस्ते आणि इमारती गळून गेल्या. १९२५ पासून फ्रेड स्टिंगमोर यांनी खिशात मावणाऱ्या पुठ्ठ्याच्या घडीवर जे नकाशे केले त्यांत बाहेरच्या स्थानकांतील अंतरे थोडी आखडून घेतलेली दिसतात. भूगोलाची पकड अशी सैल होत चालली असली, तरी रेषांची नागमोडी वळणे अजून टिकून होती.

अडचण वाढली ती मार्ग शहराबाहेर पसरू लागल्यावर. हॅम्पस्टेड मार्ग १९२४ मध्ये एजवेअरपर्यंत पोचला, सिटी अँड साउथ लंडन मार्ग १९२६ मध्ये मॉर्डनपर्यंत गेला, आणि १९३० नंतरच्या तीन वर्षांत पिकॅडिली मार्ग उत्तरेस कॉकफॉस्टर्सपर्यंत व पश्चिमेस दूरवर वाढला. शेतांतून आणि नव्या वसाहतींतून जाणाऱ्या या मार्गांवर स्थानके विरळ होती, तर मध्य लंडनमध्ये ती काही शे मीटरांच्या अंतराने दाटलेली होती. मोजमाप एकच ठेवून दोन्ही भाग खिशातल्या कागदावर आणायचे म्हटले की कागदाचा बराच भाग रिकामा राही, आणि ज्या मध्यभागात प्रवाशाला गाडी बदलायची असे तेथेच नावे एकमेकांवर चढत. विस्ताराचा प्रत्येक मैल मध्यभागाला आणखी लहान करत होता.

भूगोल बाजूला ठेवून मार्ग सरळ रेषेत काढण्याची कल्पना तोपर्यंत अगदीच अपरिचित राहिलेली नव्हती. डब्यांच्या आत, दरवाजांच्या आणि खिडक्यांच्या वर, एकेका मार्गाची स्थानके आडव्या रेषेवर समान अंतराने मांडलेल्या पट्ट्या लावल्या जात. तेथे जागाच अशी लांबट होती की दुसरा उपाय नव्हता. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेसाठी जॉर्ज डाऊ यांनी १९२९ पासून उपनगरी मार्गांच्या सरळ रेषांच्या आकृत्या तयार केल्या होत्या, आणि बर्लिनच्या उपनगरी रेल्वेची आकृतीही १९३१ मध्ये निघाली होती. एका मार्गासाठी वापरात असलेली ही युक्ती एकमेकांना छेदणाऱ्या अनेक मार्गांच्या सबंध जाळ्याला लावणे हे पुढचे आणि अवघड पाऊल होते, कारण जाळ्यातील एक स्थानक हलवले की त्यातून जाणारे सर्व मार्ग हलतात.

हे पाऊल उचलणारे हेन्री चार्ल्स उर्फ हॅरी बेक हे नकाशाकार नव्हते. ४ जून १९०२ रोजी जन्मलेले बेक १९२५ पासून भुयारी रेल्वेच्या सिग्नल अभियंत्याच्या कार्यालयात हंगामी आरेखक म्हणून काम करत, आणि मंदीच्या काळात खर्चकपात झाली तेव्हा त्यांची नोकरी गेली. १९३१ मध्ये बेकारीच्या काळातच त्यांनी वहीच्या पानावर नव्या नकाशाचे पहिले टिपण काढले. सिग्नल विभागातील आरेखन विजेच्या जोडण्यांचे असते आणि त्यात तारेची लांबी किंवा वळणे दाखवण्यापेक्षा कोणता बिंदू कोणत्या बिंदूशी जोडला आहे हे दाखवणे महत्त्वाचे ठरते. त्यामुळे बेक यांचा नकाशा विद्युत आकृतीवरून सुचला असे पुढे वारंवार म्हटले गेले. स्वतः बेक यांनी १९३३ मध्ये कर्मचाऱ्यांच्या मासिकात स्थानकांच्या जागी विद्युत आणि रेडिओच्या संज्ञा घालून आपल्याच नकाशाचे विडंबन छापले होते. मात्र आपल्या कृतीचे वर्णन करताना त्यांनी भर दिला तो मध्यभाग जणू बहिर्गोल भिंगातून पाहिल्यासारखा मोठा करण्यावर आणि रेषा सरळ करण्यावर.

त्यांच्या आकृतीची रचना थोड्या नियमांवर उभी होती. सर्व मार्ग आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरक्या रेषांनीच काढायचे. मध्य लंडन पसरून मोठे करायचे आणि उपनगरे आखडून घ्यायची. स्थानकांमधील अंतर शक्यतो समान ठेवायचे. साध्या स्थानकासाठी रेषेला काटकोनात एक छोटी खूण द्यायची आणि गाडी बदलण्याच्या स्थानकाला चौकटीसारखे वेगळे चिन्ह द्यायचे, जे पुढील आवृत्त्यांत वर्तुळ झाले. जमिनीवरील सर्व खुणा काढून टाकताना त्यांनी थेम्स नदी तेवढी ठेवली, तीही रेषांच्याच शिस्तीत बसवून, कारण उत्तर कोणते आणि दक्षिण कोणते एवढे भान प्रवाशाला तिच्यावरून राहते. या नियमांमागे एक साधी पण दूरगामी जाणीव होती: बोगद्यातून जाणाऱ्या माणसाला बाहेरचे काहीच दिसत नाही. गाडी कोणत्या रस्त्याखालून वळली हे त्याला कळत नाही आणि कळून उपयोगही नसतो. त्याला स्थानके मोजायची असतात आणि योग्य ठिकाणी उतरायचे असते. जमिनीखालच्या प्रवासात क्रम हाच भूगोल होतो.

प्रसिद्धी विभागाने हा आराखडा प्रथम फेटाळला. तो फारच क्रांतिकारक आहे आणि अंतरे न दाखवणारा नकाशा लोकांना रुचणार नाही, असा अंदाज होता. बेक यांनी तो १९३२ मध्ये पुन्हा पुढे ठेवला, तेव्हा निवडक स्थानकांवर सुमारे ५०० प्रती वाटून लोकांचा कौल घेण्यात आला आणि तो अनुकूल निघाला. जानेवारी १९३३ मध्ये खिशातल्या घडीच्या रूपात नकाशाच्या सात लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या, आणि त्यावर जुन्या नकाशाची ही नवी मांडणी कशी वाटली ते कळवावे, अशी प्रवाशांना विनंती होती. मागणी एवढी होती की महिन्याभरातच पुनर्मुद्रण करावे लागले. या कामाबद्दल बेक यांना काही गिनींचे किरकोळ मानधन मिळाले.

नकाशाला लोकांचा इतक्या लवकर प्रतिसाद का मिळाला याची कारणे त्याच्या सुबकपणाबाहेरही शोधली पाहिजेत. १ जुलै १९३३ रोजी लंडन पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्ड ही सार्वजनिक संस्था अस्तित्वात आली, भुयारी मार्ग, ट्राम आणि बस एका छत्राखाली आल्या, आणि इतकी वर्षे वेगळी चूल मांडून बसलेली मेट्रोपॉलिटन रेल्वेही तिच्यात सामील झाली. लॉर्ड अ‍ॅशफील्ड तिचे अध्यक्ष आणि पिक मुख्य कार्याधिकारी झाले. निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या मालकांनी, परस्परांशी स्पर्धा करत बांधलेले हे मार्ग बेक यांच्या आकृतीत एकाच हाताने आखल्यासारखे दिसत होते. वस्तुस्थितीत नसलेली सुसंगती तिच्यामुळे कागदावर आली आणि नव्या संस्थेला हवी असलेली ओळख तिला आयती लाभली. दुसरे कारण आर्थिक होते. उपनगरांकडे वाढवलेल्या मार्गांवर सकाळ-संध्याकाळची गर्दी सोडली तर गाड्या रिकाम्या धावत, आणि दूरच्या वसाहतीत घर घेणाऱ्याला शहर हाताशी आहे असे वाटणे कंपनीच्या हिताचे होते. आखडलेल्या रेषांवर कॉकफॉस्टर्स किंवा मॉर्डन मध्य लंडनपासून चार बोटांवर दिसत असे. बेक यांचा तसा हेतू होता असे मानण्याचे कारण नाही, परंतु त्यांच्या आकृतीचा हा परिणाम संस्थेला गैरसोयीचा खासच नव्हता.

या नकाशाने काय गाळले हेही तितकेच बोलके आहे. थेम्सच्या दक्षिणेला सदर्न रेल्वेचे विजेवर चालणारे उपनगरी मार्गांचे मोठे जाळे होते, पण ते भुयारी रेल्वेच्या मालकीचे नसल्यामुळे आकृतीत त्याला जागा मिळाली नाही. परिणामी दक्षिण लंडन जवळजवळ रिकामे दिसू लागले, आणि शहराचा अर्धा भाग जणू रेल्वेविना असल्याची समजूत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. रस्त्यांचा भूगोल गेला तरी मालकीचा भूगोल नकाशात शाबूत राहिला.

अंतराचा त्याग करण्याची किंमत प्रवाशांनीही मोजली. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या स्थानकांमध्ये प्रत्यक्षात जेमतेम अडीचशे मीटरांचे अंतर आहे. जिना उतरून, फलाटावर थांबून आणि पुन्हा वर येऊन जेवढा वेळ जातो त्याहून कमी वेळात ते चालून जाता येते. उलट सर्वांत दूरच्या टोकाला चॅल्फंट अँड लॅटिमर आणि चेशम यांच्यामध्ये सहा किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. आकृतीवरून या फरकाची काहीच कल्पना येत नाही, आणि परक्या पाहुण्याला ती येण्याचे दुसरे साधनही नसते. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधक झान गुओ यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की लंडनमधील प्रवासी मार्ग निवडताना प्रत्यक्ष प्रवासाला लागणाऱ्या वेळेपेक्षा नकाशावर दिसणाऱ्या लांबीला सुमारे दुप्पट महत्त्व देतात, आणि रोजचा अनुभव असलेले प्रवासीही त्यातून पूर्णपणे सुटत नाहीत. म्हणजे नकाशा प्रवासाचे वर्णन करता करता प्रवासाची दिशाही ठरवू लागतो.

बेक यांनी पुढील पंचवीस-सव्वीस वर्षे या आकृतीची जोपासना केली. नवा मार्ग आला किंवा एखादे नाव बदलले की त्यांना संपूर्ण जाळे पुन्हा बसवावे लागे. तिरक्या रेषा ४५ ऐवजी ६० अंशांत काढून पाहणे, गाडी बदलण्याच्या स्थानकांची वर्तुळे पांढऱ्या पट्टीने जोडणे, असे प्रयोग त्यांनी केले, आणि १९४९ मध्ये सर्कल मार्ग स्वतंत्र पिवळ्या रंगात प्रथम दिसला. १९४७ पासून ते मुद्रणकलेच्या शाळेत शिकवत होते आणि नकाशाचे काम घरी बसून करत होते. हक्क संस्थेकडे देताना यापुढील सर्व बदल आपल्याच हातून होतील असा समज त्यांनी करून घेतला होता. पण १९६० मध्ये संस्थेचे प्रसिद्धी अधिकारी हॅरल्ड हचिसन यांनी स्वतःच्या नावाने नवा नकाशा प्रसिद्ध केला, ज्यात रेषांची वळणे टोकदार कोनांत तुटत होती आणि मध्यभागी नावांची दाटी झाली होती. तो फार काळ टिकला नाही. १९६४ मध्ये संस्थेतीलच पॉल गार्बट यांनी कोन पुन्हा गोलसर केले आणि बेक यांच्या पद्धतीकडे परत जाणारा नकाशा दिला. बेक मात्र परतले नाहीत. त्यांनी बरीच वर्षे पत्रव्यवहार केला, व्हिक्टोरिया या नियोजित मार्गासह स्वतःचा आराखडाही पाठवला, आणि अखेरीस १९६५ च्या सुमारास हा नाद सोडला. १८ सप्टेंबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. आरेखक केन गार्लंड यांनी त्यांच्या कामावर १९९४ मध्ये पुस्तक लिहिले, आणि त्यानंतर काही वर्षांतच १९३१ मधील मूळ कल्पना हॅरी बेक यांची असल्याचा उल्लेख लंडनच्या अधिकृत नकाशावर नियमाने छापला जाऊ लागला.

दरम्यान पद्धत जगभर पसरली. सिडनीने १९३९ मध्ये लंडनच्या आकृतीची जवळपास नक्कलच केली. तथापि ती सर्वत्र सारखीच रुजली नाही. बेक यांनी पॅरिसच्या मेट्रोसाठीही आकृती तयार केली होती आणि ती नाकारली गेली. पॅरिसमध्ये स्थानके सरासरी सुमारे अर्ध्या किलोमीटरवर आहेत, शहराच्या जुन्या हद्दीत कोठेही उभे राहिले तरी एखादे स्थानक चालण्याच्या टप्प्यात असते, आणि मेट्रोचा नकाशा तेथे रस्त्यांच्या नकाशासह वाचण्याची सवय होती. दाट जाळ्यात प्रवासी गाडीइतकाच पायांवर अवलंबून असतो, म्हणून स्थळाचा प्रश्न मागे हटत नाही.

या दोन प्रश्नांतील संघर्ष उघड्यावर आला तो न्यूयॉर्कमध्ये. १९०४ मध्ये सुरू झालेली तेथील भुयारी रेल्वेही दोन खासगी कंपन्या आणि एक नगरपालिकेचे जाळे अशा तीन तुकड्यांत वाढली आणि १९४० मध्ये एकत्र झाली; जॉर्ज सॉलोमन यांनी १९५८ मध्ये तिचा पहिला अधिकृत रेखाकृती नकाशा केला. ऑगस्ट १९७२ मध्ये इटलीत जन्मलेले आरेखक मासिमो विन्येली यांचा नकाशा आला, तेव्हा बेक यांचे तत्त्व त्याच्या टोकापर्यंत नेलेले दिसले. एका बोगद्यातून तीन-चार प्रकारच्या गाड्या जात असतील तर तेवढ्या रंगीत रेषा शेजारी शेजारी, प्रत्येक थांब्याला एक काळा ठिपका, आणि ठिपका नसेल तर गाडी थांबत नाही, इतकी ती मांडणी नेमकी होती. आरेखनाच्या वर्तुळात तिचे कौतुक झाले आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही तिला स्थान मिळाले.

प्रवाशांची तक्रार वेगळीच होती. सेंट्रल पार्क प्रत्यक्षात रुंदीच्या तिपटीहून अधिक लांब असताना नकाशात चौकोनी आणि करड्या रंगाचा झाला होता, पाणी मातकट रंगाचे होते, आणि ब्रॉडवेवरील ५० व्या रस्त्याचे स्थानक आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या पूर्वेला असायला हवे ते पश्चिमेला दिसत होते. लंडनमध्ये अशा विकृतीकडे कोणी लक्ष दिले नसते, कारण तेथील वाकड्यातिकड्या रस्त्यांमुळे प्रत्यक्ष दिशांचे भान कोणालाच पक्के नव्हते. मॅनहॅटनचे रस्ते मात्र १८११ च्या योजनेनुसार काटकोनात आखलेले आणि क्रमांक दिलेले आहेत. तेथील रहिवाशाच्या डोक्यात शहराचा नेमका नकाशा आधीच असतो आणि छापील नकाशाची चूक त्याला तत्काळ खटकते. शिवाय १९७० च्या दशकात शहर आर्थिक संकटात होते, गुन्हेगारी वाढलेली होती, आणि चुकीच्या ठिकाणी जमिनीवर येण्याची भीती निराधार नव्हती. एप्रिल १९७८ मध्ये कूपर युनियन या संस्थेत झालेल्या जाहीर चर्चेत विन्येली आणि नकाशा समितीचे जॉन टॉरनॅक समोरासमोर आले. १९७९ मध्ये टॉरनॅक समितीच्या देखरेखीखाली मायकेल हर्ट्झ यांच्या कार्यालयाने केलेला नकाशा स्वीकारला गेला, ज्यात उद्याने हिरवी, पाणी निळे आणि मुख्य रस्ते ओळखता येण्याजोगे होते, आणि एका बोगद्यातील सर्व सेवा एकाच रंगात आल्या होत्या. तो नकाशा चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला. एप्रिल २०२५ मध्ये मात्र न्यूयॉर्कच्या वाहतूक प्राधिकरणाने विन्येलींच्या पद्धतीकडे झुकणारी नवी आकृती जाहीर केली.

हे पुनरागमन आरेखनातील फॅशनचा फेरा म्हणून सोडून देता येणार नाही. विन्येली यांच्या मूळ योजनेत एकच नकाशा नव्हता. जाळ्याची आकृती, भौगोलिक नकाशा, स्थानकाभोवतीच्या परिसराचा नकाशा आणि कोठून कोठे कसे जावे याचे शब्दांतील मार्गदर्शन अशी चार साधने एकत्र द्यायची होती, पण आकृती तेवढी छापली गेली आणि उरलेल्या तिघांचे काम तिच्यावर पडले. आज रस्त्याचा प्रश्न प्रवाशाच्या हातातील मोबाइल सोडवतो, आणि म्हणून भिंतीवरील आकृतीला पुन्हा फक्त क्रमाचे उत्तर देण्याची मोकळीक मिळाली आहे. लंडननेही हेच काम दुसऱ्या मार्गाने विभागले. २००७ नंतर उभारलेल्या ‘लेजिबल लंडन’ या पदपथांवरील फलकांवर पायी पाच मिनिटांत कोठवर जाता येईल याचे वर्तुळ दाखवले जाते.

बेक यांचे कोणते नियम मूलभूत आणि कोणते सवयीचे, याची तपासणीही आता प्रयोगाने होऊ लागली आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मॅक्स रॉबर्ट्स यांनी पॅरिस मेट्रोचा सर्वस्वी वक्र रेषांचा नकाशा करून पाहिला, तेव्हा प्रवासाचा मार्ग शोधण्याचे काम लोकांनी अधिकृत नकाशापेक्षा त्यावर लक्षणीयरीत्या लवकर केले. पण कोणता नकाशा आवडतो असे विचारल्यावर मिळालेली उत्तरे या वेगाशी जुळत नव्हती. ४५ अंशांची शिस्त हा सुलभतेचा एकमेव मार्ग नाही; जाळ्याच्या आकाराला शोभेल अशी कोणतीही सुसंगत शिस्त उपयोगी पडू शकते, आणि लोकांची पसंती बऱ्याच अंशी ओळखीतून येते. ही ओळख किती खोल जाते हे लंडनमध्ये २००९ साली दिसले. तपशिलांची दाटी कमी करण्यासाठी त्या वर्षीच्या नकाशातून थेम्स काढून टाकताच वर्तमानपत्रांत टीका झाली, तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी नाराजी व्यक्त केली, आणि तीन महिन्यांत नदी परत आली. आकृतीवर गेल्या काही दशकांत भाड्याचे विभाग, व्हीलचेअरने जाता येणाऱ्या स्थानकांच्या खुणा, २०२२ मध्ये एलिझाबेथ मार्ग आणि २०२४ मध्ये ओव्हरग्राउंडच्या सहा मार्गांची वेगवेगळी नावे व रंग यांची भर पडत गेली आहे. यांतील प्रत्येक भर कोणत्या ना कोणत्या प्रवाशाच्या न्याय्य गरजेतून आली आहे, आणि तरीही त्यांच्या बेरजेने बेक यांनी मिळवलेली मोकळी जागा पुन्हा भरत आली आहे.

मुंबईच्या संदर्भात हा इतिहास वेगळ्या प्रकाशात दिसतो. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशा सुरू झालेल्या आणि १९२५ पासून विजेवर धावू लागलेल्या इथल्या उपनगरी गाड्या अरुंद, दक्षिणोत्तर भूभागावरून जवळजवळ समांतर जातात. शहराचा भूगोलच सरळ रेषेचा असल्यामुळे नकाशावाचून लाखो प्रवाशांचे अडत नव्हते. पत्ता सांगतानाही रूळ हाच आस धरून अंधेरी पूर्व किंवा अंधेरी पश्चिम असे म्हटले जाते. प्रवाशाची खरी विवंचना गाडी जलद आहे की धिमी आणि ती कोणती स्थानके गाळणार, ही असते, आणि तिचे उत्तर नकाशापेक्षा फलाटावरचा इंडिकेटर देतो. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम जोडणी झाली, पुढे मेट्रोचे आणखी मार्ग वाढू लागले, तसे समांतर रेषांचे जाळे झाले आणि गाडी कोठे बदलायची हा प्रश्न प्रथमच ठळक झाला. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या आरेखन विद्यालयात लोकल मार्गांचा रेखाकृती नकाशा करण्यात आला तो त्याच दशकात. परंतु मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे आणि मेट्रोच्या निरनिराळ्या मार्गांचे कारभार वेगवेगळ्या संस्थांकडे आहेत. लंडनमध्ये आकृती सुचायला एक कुशल आरेखक पुरला. ती सबंध शहराची व्हायला मात्र कंपन्यांनी १९०८ मध्ये केलेला समझोता आणि १९३३ मध्ये स्थापन झालेले मंडळ लागले, आणि ज्या रेल्वेला त्या मंडळात स्थान नव्हते ती नकाशाबाहेरच राहिली. मुंबईच्या सर्व गाड्यांचा एकच नकाशा कसा दिसेल हा आरेखनाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. तो छापण्याचा आणि अद्ययावत ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरवणे अधिक अवघड आहे, आणि लंडनचा अनुभव पाहता तेच आधी ठरवावे लागते.